हायड्रोजन गाळून

पाच कार्बन आणि बारा हायड्रोजन घेऊन रेणू बांधायचा तर तो तीनच तऱ्हांनी बांधता येतो. पाचही कार्बन एका ओळीत, ही एक तऱ्हा. चारांची ओळ आणि पाचवा आतल्या एकाला कडेने जोडलेला, ही दुसरी. एक कार्बन मधोमध आणि बाकीचे चार त्याच्याभोवती, ही तिसरी. नावं अनुक्रमे एन-पेंटेन, आयसोपेंटेन, निओपेंटेन. तिघांचं वजन एकच, घटक तेच, जाळले तर निघणारं पाणी आणि कार्बन डायऑक्साइडही तेवढंच. पण पहिला उकळतो ३६.१ अंश सेल्सिअसला, दुसरा २७.८ ला आणि तिसरा थेट ९.५ ला. निफाडला थंडीची लाट आली की तिन्ही द्रव असतील आणि मे महिन्यात नागपूरच्या दुपारी तिन्ही वायू. पुण्याच्या हवेत मात्र त्यांच्यात फूट पडते.

मी रसायनशास्त्र शिकवते. ‘शाखा वाढल्या की उत्कलनांक उतरतो’ हे वाक्य आजवर किती बॅचना लिहून दिलं असेल देव जाणे. कारणही सांगते. फांद्या फुटलेला रेणू आटोपशीर होतो, शेजाऱ्याला टेकणारं त्याचं अंग कमी होतं, ओढ कमी, म्हणून लवकर सुटतो. मुलं लिहून घेतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात, विषय संपतो. कारण बरोबरच आहे. फक्त उत्कलनांक किती उतरतो, हे त्यात कुठेच नाही. एका ठिकाणी आठच अंश आणि दुसऱ्या ठिकाणी सव्वीस, असं का?

गणित नको म्हणून केमिस्ट्री घेतलेल्या मुलांना हा प्रश्न पडत नाही, आणि गणितवाल्यांना पेंटेनशी कर्तव्य नसतं. आमच्याकडे हे दोन विभाग एकाच इमारतीत असूनही जिन्यातच काय ती भेट व्हायची.

ब्रुकलिन कॉलेजातल्या हॅरी वीनर या तरुणाने १९४७ साली या ‘किती’चं उत्तर दिलं. उत्कलनांक इतरांनी मोजून ठेवलेले होतेच. त्याने मोजली ती रेणूंची चित्रं. त्याची रीत इतकी साधी आहे की ती इथेच करून बघता येईल. कागदावर कार्बनच्या जागी ठिपके द्या आणि बंधांच्या जागी रेघा ओढा. हायड्रोजन काढूच नका. आता एक रेघ धरा. तिच्या एका बाजूला किती ठिपके आहेत, दुसऱ्या बाजूला किती, ते मोजून त्यांचा गुणाकार करा. असं प्रत्येक रेघेचं करून सगळ्यांची बेरीज घ्या. सरळ पेंटेनमध्ये चार रेघा: १×४, २×३, ३×२, ४×१. बेरीज २०. आयसोपेंटेनची येते १८. निओपेंटेनमध्ये चारही रेघा सारख्याच, प्रत्येकी १×४, म्हणून १६. प्रत्येक ठिपक्यापासून प्रत्येक दुसऱ्या ठिपक्यापर्यंत किती रेघा चालून जावं लागतं याची एकूण बेरीजही हीच येते. चित्र जितकं पसरट तितका आकडा मोठा.

वीनरने आणखी एक आकडा घेतला. बरोबर तीन रेघा दूर असलेल्या ठिपक्यांच्या जोड्या किती? सरळ पेंटेनमध्ये दोन, आयसोमध्येही दोन, निओमध्ये एकही नाही.

मग सूत्र. सरळ साखळीच्या मानाने पहिला आकडा जितका घटला त्याला ९८ ने गुणायचं आणि कार्बनसंख्येच्या वर्गाने भागायचं. दुसरा आकडा जितका घटला त्याला ५.५ ने गुणायचं. दोन्ही मिळून जे येईल तितके अंश उत्कलनांक उतरला. निओपेंटेनसाठी ९८ गुणिले ४ भागिले २५ म्हणजे १५.७, अधिक ११, एकूण २६.७. छत्तीस पूर्णांक एकमधून वजा केले की उरतात ९.४. थर्मामीटर सांगतो ९.५.

हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा योगायोग वाटला. आयसोपेंटेनला तर सूत्र अर्ध्या अंशाने चुकतंही. म्हणून मी सहा कार्बनांच्या हेक्झेनकडे गेले. त्याचे समघटक, म्हणजे तेच अणू वेगळ्या तऱ्हेने जोडलेले रेणू, पाच; सरळ साखळी सोडली तर चार. चारही सोडवले. सगळे ०.३ अंशाच्या आत. त्यातला २,३-डायमिथाइलब्युटेन बघण्यासारखा आहे. फांद्या दोन, म्हणून पहिला आकडा चांगलाच घसरतो आणि उत्कलनांक १६ अंशांनी खाली ओढतो. पण तीन रेघा दूर असलेल्या जोड्या त्यात कमी न होता तीनाच्या चार होतात, आणि त्यापोटी साडेपाच अंश परत मिळतात. सूत्र म्हणतं ५७.९, प्रत्यक्षात ५८.०. ‘शाखा वाढल्या की उतरतो’ या माझ्या वाक्याला ही परतफेड माहीतच नव्हती.

९८ आणि ५.५ हे आकडे वरून पडलेले नाहीत. मोजलेल्या उत्कलनांकांवर बसवून घेतलेले आहेत. तरीही दोन आकड्यांवर अशा रेणूंचं अख्खं कुटुंब उभं राहतं, आणि त्या हिशेबात कार्बन म्हणजे काय हे कुठेही सांगावं लागत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. उष्णता नाही, इलेक्ट्रॉन नाहीत, बंधांची लांबी नाही, कोन नाहीत. हायड्रोजन तर पहिल्याच पावलाला गाळले, आणि रेणूचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग खरं तर त्यांचेच! वीनर स्वतः एक-दोन वर्षांत आणखी काही लेख लिहून या विषयातून निघून गेला आणि पुढे वैद्यकाकडे वळला. १९७१ साली जपानच्या हारुओ होसोयांनी या आकड्याकडे पुन्हा लक्ष वेधलं, तोवर तो तसा पडूनच होता.

गाळलेलं मात्र कुठे तरी हिशेब मागतंच. याच तीन पेंटेनचे द्रवणांक काढा. सरळ पेंटेन उणे १३० अंशांना वितळतो, आयसोपेंटेन उणे १६० ला. निओपेंटेन? उणे १७. उकळायला सगळ्यात सोपा तो वितळायला सगळ्यात अवघड. इथे वीनरचा आकडा हातात घेऊन बसलात तर कपाळाला हात लावाल, कारण २०, १८, १६ या उतरत्या क्रमातून उणे १३०, उणे १६०, उणे १७ अशी उडी काढायची कशी? द्रवातून वायूत जाताना शेजाऱ्यांची ओढ किती हाच मुख्य प्रश्न असतो. घन व्हायचं तर रेणूंना रांगेत नीट बसावं लागतं, आणि तिथे सममितीचा प्रश्न येतो. चारही बाजूंनी सारखा असलेला निओपेंटेन स्फटिकात छान बसतो, बसल्या जागी गिरक्याही घेत राहतो. वितळून त्याला फारसं नवं स्वातंत्र्य मिळायचं नसतं, म्हणून तो वितळायची घाई करत नाही. ठिपके आणि रेघांच्या चित्रात यातलं काही नाही. द्रवणांक आधीच सांगणं आजही रसायनशास्त्रातल्या चिवट प्रश्नांपैकी एक आहे.

हायड्रोजन गाळायची ही युक्ती वीनरचीही नाही. ती त्याच्या सत्तर-एक वर्षं आधी आर्थर केलीने वापरली. केली हा इंग्लंडचा मोठा गणिती. आयुष्याची चौदा वर्षं त्याने लंडनमध्ये वकिली केली, जमीनजुमल्याचे दस्त लिहिले आणि फावल्या वेळात गणितातले शेकडो लेख. १८६३ मध्ये केंब्रिजला प्राध्यापकी मिळाल्यावर वकिली सुटली. १८७४ साली त्याने विचारलं की अमुक इतके कार्बन असलेल्या, पेंटेन-हेक्झेनसारख्या अल्केनचे समघटक एकूण किती होतील? कार्बनची संयुजा, म्हणजे बंध करायची क्षमता, चार आणि हायड्रोजनची एक, त्यामुळे कार्बनचा सांगाडा ठरला की हायड्रोजन कुठे बसणार हे आपोआप ठरतं. मग ते काढायचे कशाला? उरतं ते एक झाड: कुठेही वेटोळं नसलेलं, आणि एका ठिपक्यातून चारापेक्षा जास्त फांद्या न फुटणारं. अशी झाडं मोजायची.

चार कार्बनची दोन, पाचांची तीन, सहांची पाच, सातांची नऊ, आठांची अठरा, नवांची पस्तीस, दहांची पंचाहत्तर. बाराला केलीने लिहिले ३५७ आणि तेराला ७९९. दोन्ही चुकले. खरे आकडे ३५५ आणि ८०२. मला या चुका फार आवडतात. एकदा दोन जास्त आणि एकदा तीन कमी. इतक्या झाडांत एक झाड दोनदा मोजलं जाणं किंवा एखादं नजरेतून सुटणं किती सोपं आहे, हे कोणीही सात कार्बनची नऊ झाडं काढायला बसलं की कळतं. वर्गात दर वर्षी कोणी ना कोणी दहावं काढून आणतं आणि ते उलटं धरलं की आधीच्यांतलंच एक निघतं. १९३१ मध्ये टेक्सासच्या हेन्झ आणि ब्लेअर यांनी लहान साखळ्यांवरून मोठ्यांचे आकडे चढत्या क्रमाने काढायची पद्धत बसवली. १९३७ साली जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने या ‘उलटं धरलं की तेच’ प्रकरणाचा कायमचा बंदोबस्त केला. सममितीमुळे जे एकच ठरतं ते एकदाच मोजलं जावं, असं प्रमेयच त्याने दिलं. मग आकडे कसे सुटतात पाहा. वीस कार्बनला ३,६६,३१९. तीसला ४११ कोटींच्या वर. चाळीसला ६२ लाख कोटी. साध्या मेणबत्तीच्या मेणात वीस ते चाळीस कार्बनांच्याच साखळ्या असतात.

यातले सगळे खरोखर बनू शकतात असं नाही. मधला एक कार्बन, त्याला चार कार्बन, त्या प्रत्येकाला आणखी तीन. सतरा कार्बनचं हे झाड कागदावर दहा सेकंदांत होतं. गोल, देखणं, नियमात बसणारं. ते अजून कोणी बनवू शकलेलं नाही, कारण त्यातल्या हायड्रोजनांना राहायला जागाच नाही. गाळलेले ते हायड्रोजन, म्हटलं ना.

याहून मजेशीर उदाहरण स्वयंपाकघरात आहे. बाळंतशेपा हातावर चोळून वास घ्या. मग पुदिन्याचं पान चुरडा. बाळंतशेपांच्या वासात मोठा वाटा कार्व्होन नावाच्या रेणूचा, आणि आपल्या परसातल्या पुदिन्याच्या वासातही कार्व्होनचाच. दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, कोण कोणाला जोडलेला ते अगदी तेच. फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. ठिपक्यांचं चित्र काढलंत तर दोन्हींचं एकच येईल आणि वीनरची बेरीजही एकच येईल. उत्कलनांक मोजलात तर तोही एकच! म्हणजे चित्राने तिथे खोटं काही सांगितलं नाही. नाकाला मात्र एक बाळंतिणीच्या खोलीत नेतो आणि दुसरा चटणीच्या वाटीकडे. नाकातली ग्राहक प्रथिनं स्वतःच डावी-उजवी असतात, म्हणून त्यांना फरक कळतो. थर्मामीटरला डावं-उजवं नसतं. चित्रातून काय गाळलेलं चालेल, हे असं विचारणाऱ्यावर अवलंबून असतं.

सगळ्यात धीट गाळणी एरिख ह्युकेलची. हा मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. १९३१ मध्ये त्याच्यापुढे बेन्झिन होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६५ साली त्याचं सहा कार्बनांचं कडं मांडलं होतं, एक सोडून एक दुहेरी बंध असलेलं. पण तीन दुहेरी बंध असलेला रेणू जितका तापट असावा तितका बेन्झिन नाही. तो कमालीचा शांत आहे, आणि त्याचं कारण कोणाला धड सांगता येत नव्हतं. क्वांटमची समीकरणं नुकतीच हाती आली होती, पण इतक्या इलेक्ट्रॉनांसाठी ती सोडवणं अशक्य. ह्युकेलने हायड्रोजन सोडले, साधे एकेरी बंध धरून ठेवणारे इलेक्ट्रॉन सोडले, आणि उरलेले सहा इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात हेही सोडून दिलं. परीक्षेत असं कोणी केलं तर मी शून्य देईन.

उरलं काय? सहा बाय सहाची एक सारणी. शेजारी असेल तिथे १, नसेल तिथे ०. या सारणीच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे सारणीतून निघणारे तिचे खास आकडे, येतात २, १, १, उणे १, उणे १, उणे २. इथे त्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायऱ्या; आकडा जितका मोठा तितकी पायरी स्थिर. एका पायरीवर दोन, असे सहा इलेक्ट्रॉन वरच्या तीन पायऱ्यांवर बसवले की बेरीज ८. तीन सुटे दुहेरी बंध असते तर प्रत्येकाचे २, म्हणजे ६. कडं केल्याचा नफा २. बेन्झिनच्या शांतपणाला हा आकडा मिळाला. आता चार कार्बनचं कडं घ्या. तिथे येतात २, ०, ०, उणे २. चार इलेक्ट्रॉन बसवले की बेरीज ४, आणि दोन सुट्या दुहेरी बंधांचीही ४. नफा शून्य. हा सायक्लोब्युटाडाइन मोकळा ठेवला तर टिकतच नाही. त्याला अतिशीत तापमानात गोठवून मगच न्याहाळावं लागतं.

ह्युकेलची सारणी ही गणितवाल्यांची ओळखीची वस्तू होती. ठिपके-रेघांच्या कुठल्याही चित्राची अशी सारणी मांडता येते. ह्युकेलची सारणी आणि ही सारणी एकच, हे झ्युरिकच्या ग्युन्टहार्ड आणि प्रिमास यांनी दाखवलं ते १९५६ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. जिन्यातल्या भेटी तिकडेही तशाच होत्या म्हणायच्या.

वीनरनंतर असे आकडे काढायचं वेडच लागलं. मिलान रांडिचचा १९७५ चा निर्देशांक औषधांच्या अभ्यासात खरोखर उपयोगी पडला. हजारो रेणू प्रत्यक्ष बनवून तपासण्याऐवजी आधी कागदावर चाळून घ्यायचे, हा त्याचा फायदा. पण आता निर्देशांकांचं अमाप पीक आलं आहे. ठिपके-रेघांची एखादी जाळी घ्यायची, तिचे दहा निर्देशांक काढायचे, तक्ता द्यायचा, लेख छापायचा. त्या आकड्याने कुठला गुणधर्म कळतो, हा प्रश्न कित्येकदा विचारलेलाच नसतो. वीनरच्या आकड्याला किंमत होती ती त्याच्या शेजारी थर्मामीटर होता म्हणून.

मला स्वतःला या सगळ्यात जास्त जवळचं वाटतं ते पुण्यातलं काम. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुणे विद्यापीठात रेणूंभोवतीच्या विद्युत विभवाचा नकाशा अभ्यासला. धन प्रभार रेणूजवळ आला तर कुठे ढकलला जाईल आणि कुठे ओढला जाईल, त्याचा हा नकाशा. त्यात शिखरं, दऱ्या, खिंडी असतात. राजीव पाठक आणि गद्रे यांनी १९९० साली दाखवलं की या नकाशात शिखर सापडेल तर ते फक्त अणुकेंद्रकावर, इतर कुठेही नाही. दरी कुठेही असू शकते, शिखर नाही. सिद्धता अगदी थोडक्यात होते. शिखर असायचं तर त्या बिंदूपाशी नकाशाचा बाक सरासरीने खालच्या दिशेला हवा, आणि केंद्रकाबाहेर सगळीकडे इलेक्ट्रॉनचा ढग असल्यामुळे विभव आणि प्रभार यांची सांगड घालणारं प्वासाँचं समीकरण तसं होऊ देत नाही. ही गोष्ट पाण्याच्या रेणूला लागू, पेनिसिलिनला लागू, अजून कोणी न बनवलेल्या रेणूलाही लागू. इथे काहीच गाळलेलं नाही, म्हणून ती इतकी ठाम बोलते.

पण काहीच न गाळता हिशेब करायचा तर तो भलताच वाढतो. साध्यातल्या साध्या क्वांटम पद्धतीतही रेणू दुप्पट झाला की काम साधारण सोळा पट होतं. त्यावर गद्रे, शिरसाट आणि लिमये यांनी १९९४ मध्ये जी पद्धत मांडली तिचं नाव मॉलिक्युलर टेलरिंग. मोठा रेणू कापून त्याचे तुकडे करायचे, पण तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले ठेवायचे, शिवणीला माया सोडतात तसे. प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा आणि शेवटी सगळं जोडायचं. सुरुवातीला ही पद्धत विद्युत गुणधर्मांसाठी होती, पुढे रेणूची ऊर्जाही तिने काढता येऊ लागली. जोडताना दोन तुकड्यांवर सामाईक असलेला भाग दोनदा मोजला जातो, म्हणून तो एकदा वजा करायचा. तीन तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तो पुन्हा मिळवायचा. अकरावीच्या संचांच्या धड्यात चहा पिणारे, कॉफी पिणारे आणि दोन्ही पिणारे असतात ना, तेच गणित.

कापायचं कुठे, यात सगळी मेख आहे. एकेरी बंधावर कात्री चालते. बेन्झिनच्या कड्यातून ती घालायची नाही. तिथले सहाही इलेक्ट्रॉन अख्ख्या कड्याचे असतात आणि तुकड्यांच्या बेरजेत ह्युकेलचा तो दोनाचा नफा हरवतो.